दुकानातील अपघात आणि नुकसानभरपाईचा हक्क

(द्वितीय वर्ष, कला)

२०२५ च्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी आणि माझी आत्या तालुक्याच्या गावी बाजाराला गेलो होतो. तेथे अलीकडे एक मोठे दुकान झाले आहे. आमच्याकडे सगळे त्याला मॉल म्हणतात, पण वस्तुतः ते एकमजली सुपरमार्केटच आहे. हातात टोपली घ्यायची, मांडण्यांमधून हिंडायचे, हवे ते आपल्या हाताने उचलायचे आणि शेवटी दाराजवळ पैसे द्यायचे. तेलाच्या मांडणीपाशी एक पिशवी फुटून तेल फरशीवर पसरले होते. फरशी गुळगुळीत, वर दिव्यांचा लखलखाट. आत्याला ते दिसले नाही आणि तिच्या मागून चालणाऱ्या मलाही दिसले नाही. तिचा पाय सटकला. तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले.

त्यानंतर जे घडले त्यात कोणी दुष्टपणाने वागले असे मी म्हणणार नाही. दुकानातल्या एका पोराने धावत खुर्ची आणली, पाणी दिले. दुसऱ्याने फडके आणून फरशी लख्ख पुसली. देखरेख करणारे गृहस्थ आले आणि म्हणाले, "मावशी, जरा खाली बघून चालायचं ना." आत्याचा चेहरा वेदनेने घामेजला होता. तशात ती म्हणाली, "चुकलंच माझं, दादा." मग तिला बाकावर बसवून मी रांगेत उभी राहिले आणि टोपलीतल्या मालाचे ११८६ रुपये दिले, कारण घरी दिवाळीचा बाजार न्यायचाच होता. तेथून आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

"चुकलंच माझं" हे तिचे शब्द माझ्या मनातून जाईनात. तेल तिने सांडले नव्हते. फरशी तिची नव्हती. तरी माफी तिनेच मागितली आणि मीही शेजारी गप्प उभी होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटते, पोरीला कायद्याचेही कळत असेल. मला काहीच कळत नव्हते. म्हणून राज्यशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयातील ग्रंथालयाची वाट दाखवली. तेथे शब्दकोश शेजारी घेऊन जे वाचले आणि जे समजले, ते येथे मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वकील नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम दुकानाकडेच पाहू. आपल्या गावातील किराणा दुकानात गिऱ्हाईक उंबऱ्याशी उभे राहते. डबे, पोती, तेलाचे पिंप हे सगळे दुकानदाराच्या बाजूला असते. काही सांडले तर त्याचाच पाय घसरायचा. गिऱ्हाइकाने स्वतः आत जाऊन माल उचलण्याची पद्धत अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली 'पिगली विगली' नावाच्या दुकानाने रूढ केली असे मानतात. आपल्याकडे मुंबईत 'अपना बाजार' (१९४८) आणि 'सहकारी भांडार' (१९६८) या सहकारी संस्थांनी मोठ्या भांडारांची सवय लावली आणि या शतकात खाजगी कंपन्यांची दुकाने तालुक्यापर्यंत पोहोचली. या पद्धतीत नोकर कमी लागतात आणि डोळ्यांसमोर माल दिसल्याने गिऱ्हाईक दोन वस्तू जास्त घेते. म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या फायद्यासाठी आपल्याला जणू त्याच्या गोदामात बोलावून घेतले आहे. शिवाय तेथे मांडणी अशी केलेली असते की आपली नजर वर, मालाकडेच जावी. "खाली बघून चालायचं ना" हे वाक्य अशा जागी किती खरे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बोलावून घेतले की जबाबदारी येते, हे तत्त्व कायद्यात जुने आहे. लंडनमध्ये एका साखर कारखान्यात गॅसचे काम पाहायला आलेला कारागीर कठडा नसलेल्या उघड्या खड्ड्यात पडला. त्या खटल्यात (इंडरमॉर विरुद्ध डेम्स, १८६६) न्यायालयाने म्हटले की, कामधंद्यानिमित्त जागेत आलेल्या माणसाला, जागेच्या मालकाला ठाऊक असलेल्या किंवा असायला हव्या अशा धोक्यापासून वाचवण्याची वाजवी काळजी मालकाने घेतली पाहिजे. दुकानात आलेले गिऱ्हाईक याच वर्गात मोडते. इंग्लंडने १९५७ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्या देशात तसा स्वतंत्र कायदा नाही. आपली न्यायालये अपकृत्यांच्या बाबतीत, म्हणजे करार नसतानाही एकाच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होते तेव्हा, पुष्कळ अंशी इंग्लंडमधील न्यायनिर्णयांतून आलेली तत्त्वेच लावतात. तेव्हा लिव्हरपूलमधल्या एका दुकानाची हकीकत येथे सांगितली तर ती परकी वाटू नये.

हा खटला 'वॉर्ड विरुद्ध टेस्को स्टोअर्स' या नावाने प्रसिद्ध आहे. २९ जून १९७४ रोजी दुपारच्या सुमारास एक बाई स्मिथडाउन रोडवरील टेस्को कंपनीच्या दुकानात तारेची टोपली हातात घेऊन खरेदी करीत होत्या. त्यांचा पाय घसरला. खाली गुलाबी, चिकट असे काहीतरी होते. ते सांडलेले योगर्ट, म्हणजे तेथील गोड दही निघाले. इजा किरकोळ होती. दुकानवाल्यांनी त्यांना कार्यालयात नेले, आपुलकीने वागवले, त्यांचे खराब झालेले कपडेसुद्धा धुऊन दिले. (आमच्या दुकानातल्या पाण्याच्या पेल्याची मला आठवण झाली.) पण बाईंनी दावा लावला.

खरा प्रश्न पुराव्याचा होता. दही कोणी सांडले? केव्हा सांडले? बाई ते सांगू शकत नव्हत्या. सांगणार तरी कशा? त्यांच्याजवळ आणखी एकच गोष्ट होती. सुमारे तीन आठवड्यांनी त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या असता त्यांना फरशीवर संत्र्याचे सरबत सांडलेले दिसले. त्या तेथेच पाव तास लक्ष ठेवून राहिल्या. तेवढ्या वेळात ते पुसायला कोणी आले नाही. मला या बाईंचे फार कौतुक वाटते.

दुकानाने सांगितले की फरशी दिवसातून पाचसहा वेळा झाडली जाते, आठवड्यातून दहाएक वेळा काहीना काही सांडतेच, आणि सांडलेले दिसले की नोकराने तेथेच उभे राहून पुसणाऱ्याला बोलवावे अशी सक्त सूचना आहे. पण त्या दिवशी, त्या घटनेच्या आधी, ती जागा शेवटची केव्हा झाडली होती, याचा पुरावा दुकानाने दिला नाही.

खालच्या न्यायालयाने बाईंना १३७ पौंड ५० पेन्स देवविले. एवढ्याशा रकमेसाठी कंपनी अपिलात गेली. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल कायम केला. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे: दुकानाच्या फरशीवर दही असणे ही काही नेहमीची गोष्ट नव्हे. फरशी स्वच्छ ठेवली आणि सांडलेले लगेच पुसले तर असे अपघात सहसा होत नाहीत. फरशी दुकानाच्या ताब्यात आहे. तेव्हा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे दुकानाने दाखवून द्यावे. ते त्याला दाखवता आले नाही.

तिसरे न्यायाधीश मात्र म्हणाले की, बाई तेथे पोहोचण्याच्या क्षणभर आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून ते दही पडलेले असू शकेल. तसे असेल तर कितीही नोकर ठेवले तरी अपघात टळला नसता. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात मला यांचेच म्हणणे पटले होते. दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकामागे फडके घेऊन माणूस धाडावा काय? पण दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की मुद्दा दुकानदाराला काय शक्य होते एवढाच नाही, तर कोणाला काय सांगता येण्यासारखे आहे हा आहे. जमिनीवर पडलेल्या माणसाला, ते केव्हा सांडले हे कधीच कळणार नाही. झाडण्याची वेळ वहीत लिहून ठेवणे दुकानाला सहज शक्य आहे. ज्याला सांगता येते त्याने सांगावे, एवढेच बहुमताने म्हटले. देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी आत्याला जे विचारले, त्याच्या नेमका उलटा प्रश्न न्यायालयाने विचारला.

अर्थात पडला की भरपाई मिळाली, असेही नाही. इंग्लंडमध्येच एका खाद्यपदार्थांच्या छोट्या दुकानात, पावसाळी रात्री, गर्दीत, ओल्या फरशीवर एका गिऱ्हाइकाचा घोटा मोडला. दुकानाने न घसरणाऱ्या फरश्या बसवल्या होत्या, पाणी पुसण्याचीही सोय ठेवली होती. २००२ साली अपील न्यायालयाने दावा फेटाळला. कायदा वाजवी काळजी मागतो, अपघात होणारच नाही अशी हमी मागत नाही.

सांडलेली वस्तू किती वेळ पडून होती, हे कधी कधी ती वस्तूच सांगते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे केळ्याच्या सालीवरून घसरल्याचे दोन खटले आले. दोन्ही रेल्वेविरुद्धचे होते, पण तत्त्व दुकानालाही लागू पडते. १९०१ च्या खटल्यात न्यायालय म्हणाले, साल मिनिटभरापूर्वी कोणा उतारूने टाकलेली असू शकते, दावा गेला. १९११ च्या खटल्यात साल सुकलेली, काळी पडलेली, चपटी झालेली आणि धुळीने भरलेली होती. म्हणजे ती बराच वेळ तेथे होती आणि नोकरांना दिसायला हवी होती. तेव्हा दावा टिकला.

हे वाचून मी एकदम उठून बसले. कारण आत्या पडली तेव्हा मी तिला धरायला वाकले, तेव्हा मला त्या तेलातून गेलेल्या ढकलगाडीच्या चाकांचे दोन तेलकट पट्टे दिसले होते. ते पुढच्या दुसऱ्या मांडणीपर्यंत गेले होते. म्हणजे आत्याच्या आधी कोणीतरी गाडी घेऊन त्यातून गेले होते आणि तेल निदान काही वेळ तरी तेथे होते. पण फरशी पाच मिनिटांत पुसली गेली आणि पट्टेही गेले. माझ्या हातात फोन होता. त्याच फोनवर दहा मिनिटे आधी मी तेथल्या आकाशकंदिलांचे फोटो काढले होते. तेलाचा एकही काढला नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. 'वस्तुस्थितीच बोलते' हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली दिल्ली महानगरपालिकेविरुद्धच्या खटल्यात लावले. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा होता, त्यातील चुन्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. न्यायालयाने म्हटले की मनोरा असा कोसळणे हीच निष्काळजीपणाची गोष्ट सांगते. दिल्लीच्याच 'उपहार' चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ प्रेक्षक दगावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली वीस वर्षांवरील मृतांसाठी प्रत्येकी १० लाख व त्याखालील मृतांसाठी ७ लाख ५० हजार रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने याहून जास्त, म्हणजे १८ व १५ लाख दिले होते. ते कमी झाले. तेही तिकीट काढून आत गेलेले लोक होते, आत्यासारखेच कोणाच्या तरी बोलावण्यावरून.

दिवाणी न्यायालयाचा रस्ता लांब आहे, हे सांगायला नको. सामान्य माणसासाठी दुसरा रस्ता तयार झाला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. त्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. दुकानदाराच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान किंवा त्याला इजा झाली तर ती 'सेवेतील त्रुटी' होते, असे या कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. आणि अशा इजेबद्दल भरपाई देवविण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे.

येथे एक गंमतीदार अडचण आहे. आत्या पडली तेव्हा तिने पैसे दिले नव्हते. मग ती 'ग्राहक' होती काय? इंग्लंडमध्ये 'बूट्स' नावाच्या औषधांच्या दुकानाविरुद्धच्या खटल्यात १९५३ साली ठरले की, स्वतः माल उचलण्याच्या दुकानात विक्रीचा करार मांडणीपाशी होत नाही, तो पैसे घेण्याच्या जागी होतो. हे धरून एखादा हुशार वकील म्हणेल, बाई पडली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतीच! मला वाटते त्याला दोन उत्तरे आहेत. एक, तो माल पुढे आम्ही पैसे देऊन घेतला, त्याची पावती आहे, आणि दुकानात हिंडून निवडणे हा त्याच खरेदीचा भाग आहे. दुसरे, अपकृत्याच्या तत्त्वाला करार लागतच नाही. स्कॉटलंडमधील पेस्ली गावच्या एका कॅफेत १९२८ साली ज्या बाईच्या पेयाच्या बाटलीतून गोगलगाय निघाली, तिने ते पेय विकत घेतलेच नव्हते, मैत्रिणीने पैसे दिले होते. तरी १९३२ साली लॉर्डसभेने म्हटले की बाटली भरणाऱ्याने तिची काळजी घ्यायला हवी होती. ही गोगलगाय आता जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवतात.

कित्येक दुकानांत 'इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही' अशी पाटी असते. इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्याने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी अशा पाटीने टाळता येत नाही असे स्पष्टच केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिल्लीच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, पाहुण्याची गाडी हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली असता, 'मालकाच्या जबाबदारीवर' असे चिठ्ठीवर छापून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही असे म्हटले. ते प्रकरण गाडीचे होते, हाडाचे नव्हे. पण गाडीला जो न्याय तो मनगटाला नसावा, असे मला वाटत नाही.

तक्रारीची रीत मला वाटली होती त्याहून सोपी आहे. ती दुकान जेथे आहे तेथेच करावी असे नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या किमतीवरून ठरते, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे आहेत. आमचे ११८६ रुपये त्यात कोठे बसतात ते सांगायला नकोच. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. ही गोष्ट आमच्या वर्गातील एकाही मुलीला ठाऊक नव्हती. मी विचारून पाहिले. समोरच्या पक्षाने नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत म्हणणे द्यायचे, फार तर पंधरा दिवस वाढवून. २०२० साली घटनापीठाने सांगितले की त्यापुढे एक दिवसही मिळणार नाही. कायदा म्हणतो, प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे तेथे जाऊन आलेले सांगतात. मुदत मात्र पक्की ध्यानात ठेवावी: घटनेपासून दोन वर्षे.

आम्ही पुराव्याच्या बाबतीत ज्या चुका केल्या त्या इतरांनी करू नयेत म्हणून सांगते. पडलेल्या जागेचा फोटो पुसण्याआधी घ्यायला हवा होता. जवळच्या दोन गिऱ्हाइकांची नावे, फोन घ्यायला हवे होते. दुकानाच्या नोंदवहीत घटना लिहायला लावून तिची प्रत मागायला हवी होती. डॉक्टरांनी विचारले, "कशा पडलात?" तेव्हा आत्या लाजून "पडले अशीच" म्हणाली आणि कागदावर तेवढेच आले. आणि छताला कॅमेरे होते. त्याचे चित्रण जपून ठेवा असे पत्र त्याच दिवशी द्यायला हवे होते. मी ते रजिस्टर पोस्टाने पाठवले वीस दिवसांनी. उत्तर आले की चित्रण पंधरा दिवसच राहते. हातातला पुरावा कोणी मुद्दाम पुढे आणला नाही तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असे न्यायालयाला धरता येते. ही गोष्ट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. पण आम्ही वेळेत मागितलेच नव्हते.

आता भरपाई किती? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या मोटार अपघाताच्या खटल्यात इजेच्या भरपाईचे घटक उलगडून सांगितले आहेत: औषधपाणी, प्रवास व खुराक, बुडालेली कमाई, पुढेही अपंगत्व राहणार असेल तर त्याने बुडणारी कमाई, पुढील उपचार, आणि वेदना, मनस्ताप, जगण्यातल्या सुखाची हानी. औषधपाण्याचे कागद आमच्याकडे आहेत. बुडालेल्या कमाईपाशी मात्र आत्या हसली. म्हणाली, "मी कुठं कमावते?"

आत्याच्या दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ धार तीच काढते. हात प्लॅस्टरमध्ये असताना सहा आठवडे धार मी व माझ्या आईने काढली. त्यातली एक म्हैस आमच्या हाताला पान्हाच सोडीना. डेअरीचे बिल दहा दिवसांचे असते. मी ती बिले पुढे-मागे ठेवून पाहिली. पडण्याआधीच्या दहा दिवसांत ९८ लिटर, नंतरच्या दहा दिवसांत ६१. बिल मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या नावाने निघते. पण कमी झालेले ते सदतीस लिटर आत्याच्या मनगटातले आहेत आणि ते छापील कागदावर आहेत. ते कागद पाहून आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

भाकरी, पाणी, धुणे-भांडी यांचा कागद नाही. तरी कायदा त्या बाजूलाही हळूहळू वळला आहे. २००१ साली 'लता वाधवा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, घर सांभाळणाऱ्या स्त्रीची सेवा, कमीत कमी धरली तरी, महिना तीन हजार रुपयांची मानली. २०१० साली दुसऱ्या एका निकालात न्यायमूर्तींनी, जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी व कैद्यांबरोबर 'अनुत्पादक' गटात टाकतात याबद्दल खेद व्यक्त केला. २०२१ साली 'कीर्ती' खटल्यात गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे हे पुन्हा सांगितले. ही प्रकरणे मृत्यूच्या भरपाईची आहेत. मृत्यूनंतर ज्या कामाचे मोल धरतात, ते बाई जिवंत असताना तिचा हात मोडला तर का धरू नये, हे मला कळत नाही.

फौजदारी रस्ताही आहे. निष्काळजीपणाने कोणाचे हाड मोडणे ही कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमात तिला शिक्षा आहे. पण त्याचे नाव काढताच आत्याने कानांवर हात ठेवले. तिची अडचण मला शेवटी कळली. खुर्ची घेऊन धावत आलेला तो पोरगा आमच्या शेजारच्या गावचा आहे. त्या बाजूच्या मांडण्या त्याच्याकडे होत्या. तिने मला विचारले, "तुझ्या कायद्यानं त्या पोराची नोकरी जाईल का गं?"

मी तिला सांगितले की नोकराच्या हातून कामावर असताना चूक झाली तर भरपाई मालकाने द्यायची असते. आपली तक्रार दुकानावर असेल, पोरावर नव्हे. तक्रारीत त्याचे नावसुद्धा लिहावे लागत नाही. उलट, एवढ्या मोठ्या दुकानात सणाच्या गर्दीत पुसायला माणसे किती ठेवली होती, हेच आपण विचारणार. ती म्हणाली, "ते कोर्टात. आणि नंतर मालक त्याला ठेवील का?" याचे उत्तर मला वाचलेल्या एकाही निकालात सापडले नाही.

प्लॅस्टर निघाले आहे. मनगट अजून पुरते वळत नाही. पीळ देऊन धुणे पिळता येत नाही. तक्रारीचा मसुदा मी तयार केला आहे, सरांनी तो तपासून दिला आहे. आत्याने अजून अंगठा केलेला नाही. सही येते तिला, पण बोटे नीट वळेपर्यंत अंगठाच, असे ती म्हणते. मुदत २०२७ च्या ऑक्टोबरपर्यंत आहे. त्या दिवशीची पावती गुळगुळीत कागदाची आहे, तिची अक्षरे आताच फिकट होऊ लागली आहेत. मी तिच्या दोन झेरॉक्स काढल्या. मूळ पावती आत्याने डेअरीच्या पुस्तकात ठेवली आहे, त्या ६१ लिटरच्या पानाशी.